साडेपाचचा बुश

आमच्या घरात मिसळणाचे डबे दोन. एकात मोहरी, जिरं, हळद, तिखट, कुणाच्याही घरी असतं तसं. दुसऱ्यात बुश. नवीन माणूस आलेलं असताना मी चुकून दुसराच डबा उघडला, तर ते बघतच राहतं, की ही बाई फोडणीला घालते तरी काय.

बुश म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. रिमोटवर पळणारी छोटी गाडी असते. सेलवर चालणारी पोरांची नव्हे. खरं इंजिन असलेली, तेलावर पळणारी, हातभर लांब, आणि अख्खी गल्ली दारात येईल असा आवाज करणारी. इंजिन मुठीएवढं, त्याचा कार्बुरेटर सुपारीएवढा. त्या कार्बुरेटरच्या तोंडात, जिथनं हवा आत जाते तिथं, ॲल्युमिनियमची एक बारीक कडी बसवतात. तोच बुश. छापील नाव रिस्ट्रिक्टर, पण आमचे मालक उद्यमबागेतल्या कारखान्यात जन्मभर टर्नर होते. त्यांच्या लेखी लेथवर कातलेली कुठलीही पोकळ गोल वस्तू म्हणजे बुश.

कडीचं भोक लहान असलं की हवा कमी जाते, इंजिन तेल बेतानं पितं, वळणावर ऐकतं. भोक मोठं असलं की ताकद वाढते, आणि सरळ पट्ट्यावर गाडी अशी सुटते की नजर मागं राहते. चुलीला फुंकणीनं वारा घालायचा की सुपानं, एवढाच फरक. माझी शाळा सातवीपर्यंतची, पण हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. चूल पेटवलेल्या बाईला हवा काय करते ते ठाऊक असतं.

मालक रिटायर झाले तेव्हा त्यांच्या कारखान्यातल्या एका मोल्डरनं, म्हणजे ओतकाम करणाऱ्या माणसानं, त्यांना या नादाला लावलं. मोल्डर अनगोळचा, घरात कानडी बोलणारा, आमच्याकडं आला की मराठी. त्याच्या इंजिनाची कडी हरवली होती. “अण्णा, एवढी एक कातून द्या,” म्हणाला. मालकांनी घरच्या जुन्या लेथवर एकाच्या ठिकाणी पाच कातल्या. साडेपाच, सहा, साडेसहा, सात आणि आठ मिलिमीटर. मग त्या पाच कड्यांसाठी आमच्याही घरी एक गाडी आली. लोक घोड्यासाठी नाल करतात, आमच्याकडं नालासाठी घोडा आला.

कातायचं त्यांनी आणि घासून चकचकीत करायचं मी, असं ठरून गेलं. कडेवर खाचा पाडायच्या. साडेपाचला एक, सहाला दोन, साडेसहाला तीन, सातला चार, आठला पाच. आकडा लिहायला जागा नसते, आणि मालकांना खाच नखानं कळायची, बघावं लागायचं नाही. डब्यातल्या पाच वाट्यांत पाच मापं. उरलेल्या दोन वाट्यांत स्क्रू आणि इंजिन पेटवायचे ग्लो प्लग.

रविवारी सकाळी अनगोळच्या पुढं, प्लॉट पाडून ठेवलेल्या पण घरं न झालेल्या माळावर चार-पाच जण जमायचे. मी डबा घेऊन दगडावर बसायची. “आक्का, आज काय घालायचं?” असं मला विचारायला लागले, कारण मालक तोंडानं सांगायचे नाहीत, नुसतं ऐकत उभे राहायचे. मी सांगायची. मैदान लहान, वळणं जास्त, तर सहा. पट्टा लांब, तर सात. टाकी मध्येच भरायला थांबायचं नसेल, तर अर्धा मिलिमीटर खाली. आणि बुश बदलला की सुई बघायची. सुई म्हणजे तेल कमीजास्त करणारा पेच. तो सैल केला की धूर होतो आणि गाडी जड चालते. जास्त आवळला की आवाज चिरका होतो, इंजिन तापतं आणि शेवटी धरतं, म्हणजे पिस्टन आतच अडकून बसतं. इंजिन किती तापलंय ते मी ओल्या बोटानं बघायची. थेंब त्याच्या डोक्यावर सोडायचा. तीन-चार मोजेपर्यंत सळसळत राहिला तर बरोबर. पडल्या पडल्या उडाला तर गडबड आहे. भाकरीचा तवा आणि हे इंजिन, दोन्हींचा स्वभाव एकच.

पण खरं माप मालकांच्या कानात होतं. शेजारच्यांच्या बोअरची मोटर लागली की भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणायचे, “हिचं बेअरिंग दोन महिन्यात जातंय बघ.” आणि जायचं. गाडी पन्नास पावलांवर असली तरी मला हळूच सांगायचे, “पाव फेरा सैल कर.” सगळ्या कंपूत कुणा ना कुणाचं इंजिन धरलं होतं. ह्यांचं एकदाही नाही.

त्यांचा एक नियम होता, तो इथं लिहून ठेवते. बुश मैदान बघून निवडायचा, हवा बघून, टाकी बघून निवडायचा. माणूस बघून नाही. एकदा मोल्डर आपल्या पुतण्याला गाडी देत होता आणि म्हणाला, “नवीन हाय, साडेपाच घालू काय?” तर हे लगेच म्हणाले, “इंजिनचा गळा कशाला आवळतोस रं? त्याला हात शिकू दे. हातासाठी इंजिन मारायचं न्हाय.”

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपोआप हलायला लागली. चिमटीत काहीतरी धरून फिरवल्यासारखी. मला वाटलं, मनातल्या मनात सुई फिरवतात. मी हसले पण. “अहो, जेवताना तरी सोडा इंजिन.” त्यांनी हात मांडीखाली घातला. तेव्हा मला कळलं की त्यांना आधीपासून माहीत होतं.

डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्यांनी थोडं थांबेल, जाणार नाही. पहिल्यांदा लेथ गेला. मग व्हर्नियर गेला, माप मी घ्यायला लागले. मग बारके स्क्रू गेले. चहाचा कप अर्धाच भरायचा, हे मी न सांगता सुरू केलं आणि त्यांनीही न बोलता मान्य केलं. एकेक वस्तू हातातनं जात होती. मात्र रविवार तेवढा जात नव्हता. रिमोटला बोटाचा खटका असतो आणि बाजूला एक छोटं चाक. हात थरथरला की चाक थरथरतं, आणि तिकडं गाडी नागासारखी वळवळत जाते.

मागच्या दिवाळीनंतर माळावर गाडी त्यांच्या ताब्यातनं सुटली आणि कडेला उभ्या असलेल्या एका बाईच्या नडगीवर बसली. रक्त आलं. बाई भली होती, “असू दे हो, खेळात चालतंय” म्हणाली. पण त्यानंतर कंपूतलं बोलणं बदललं. “अण्णा, तुम्ही नुसतं ऐका. चालवायला आम्ही हाय की.” प्रेमानंच म्हणायचे. मालक ऐकून घ्यायचे आणि घरी आल्यावर माझ्याशी बोलायचे नाहीत.

निपाणीला एक मास्तर आहेत, आता रिटायर. ते दरवर्षी थंडीत सीमेच्या दोन्हीकडच्या लोकांना गाड्या पळवायला बोलावतात. तंबाखूच्या एका जुन्या वखारीचं आवार त्यांच्या ओळखीचं. लांबलचक, कोबा केलेलं, एक सरळ पट्टा आणि दोन वळणं. वखार रिकामी असली तरी भिंतींचा वास जात नाही, पहिला तासभर सगळे शिंकतात. कोल्हापूरकडचे कोगनोळीच्या नाक्यावरनं तेलाचे कॅन घेऊन येतात. त्या तेलात मेथनॉल आणि एरंडेल. एका वर्षी नाक्यावरच्या पोलिसानं कॅनचं झाकण उघडून हुंगलं आणि विचारलं, “जुलाबाचं औषध एवढं?” ती गोष्ट मास्तर दरवर्षी सांगतात आणि आम्ही दरवर्षी हसतो.

या वर्षी मास्तरांचा फोन आला. “अण्णा, या तुम्ही. पण जरा दमानं. बाया-माणसं असत्यात.” मालक हो म्हणाले. फोन ठेवून मला म्हणाले, “ह्या वेळची शेवटची. एकदा नीट पळवतो आणि मीच रिमोट खाली ठेवतो. कुणी काढून घ्यायच्या आधी.”

त्यांना जिंकायचं नव्हतं. रिमोट आपल्या हातानं खाली ठेवायचा होता. हे मला स्पष्ट कळलं होतं, आणि तरी मी जे केलं ते केलं.

आदल्या दिवशी सकाळी आम्ही पडवीत गाडी उघडून बसलो. ते पाटावर, मी खाली. पेचकस माझ्या हातात. ते म्हणाले, “लांब पट्टा हाय. थंडी हाय. सातचा घाल.”

मी डब्यातनं बुश उचलला. कुठल्या वाटीतनं, ते माझ्या हाताला आधीच माहीत होतं. माझ्या डोळ्यापुढं ती नडगी होती. वाटलं, साडेपाचनं गाडी पळेल, पण सुटणार नाही. हात थरथरला तरी सावरायला वेळ मिळेल. कुणाला लागणार नाही, कुणी काही बोलणार नाही, आणि हे ताठ मानेनं घरी येतील.

“खाचा मोज,” म्हणाले.

एकच खाच होती. मी तिच्यावर नख ठेवलं आणि मोठ्यानं म्हटलं, “एक, दोन, तीन, चार.”

“बरं,” म्हणाले.

माझ्या हातातनं घेऊन त्यांनी एकदा नखानं बघितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण बोटं थरथरताना खाच कळत नाही, आणि कळत नाही हे माझ्यासमोर दिसायला नको, म्हणून त्यांनी हात पुढं केला नाही.

निपाणीला आम्ही मोल्डरच्या व्हॅनमधनं गेलो. शिंका झाल्या, जुलाबाची गोष्ट झाली. मालकांनी इंजिन सुरू करायला लावलं आणि डोळे मिटले. मग उघडले.

“गुदमरतंय. कितीचा हाय?”

“सातचा.”

“सात वाटत न्हाय गं.”

आजूबाजूला आठ-दहा माणसं. मास्तर, मोल्डर, कोल्हापूरकडचे. मी म्हटलं, “अहो, तुमच्यासमोर मोजला की.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्यावर विश्वास ठेवायचा की कानावर, असं त्यांना माझ्या देखत ठरवावं लागलं. त्यांनी माझ्यावर ठेवला.

“मग सुई लई उघडी असणार,” म्हणाले. “पाव फेरा आवळ.”

आवळला. धूर कमी झाला. खरंतर साडेपाचला तेवढंच पुरे होतं. पण त्यांना सातचा आवाज हवा होता, मोकळ्या गळ्याचा, आणि साडेपाचच्या भोकातनं तो येणार कुठनं? “आणि पाव.” मी आवळला. गाडी निघाली. छान चालली होती, खोटं कशाला बोलू. हात थरथरत होता आणि गाडी तरी रेषेत होती. मोल्डर माझ्या कानाशी म्हणाला, “आक्का, आज अण्णांचा हात बसलाय बघा.” मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी गाडी माझ्यापाशी आणून थांबवली. “दम न्हाय तिच्यात. आणि जरा आवळ.”

मी ओलं बोट इंजिनाच्या डोक्यावर धरलं. थेंब पडला आणि उडाला. एक म्हणायलाही सवड मिळाली नाही.

“तापलंय हो,” मी म्हटलं.

“सातला एवढ्यात तापत न्हाय. हवा लई जाती.”

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. सात नाही, साडेपाच आहे. इंजिन वाचलं असतं. पण सगळे ऐकत होते, आणि मला वाटलं, हे वाक्य त्यांना या माणसांसमोर उघडं पाडेल. बायकोनं ह्यांना पोरासारखं धरून चालवलं, असं होईल. मी पेचकस लावला आणि आवळला.

पुढच्या सरळ पट्ट्यावर आवाज वर गेला, चिरकला, आणि मधोमध तुटला. गाडी पुढची चाकं फरफटत थांबली. वखारीच्या बाहेर भाजीवाल्याचं ओरडणं ऐकू आलं.

मास्तर गाडी उचलून घेऊन आले. “धरलं. उघडून बघूया काय?”

“नको,” मी म्हटलं, “आम्ही घरी बघतो,” आणि गाडी पिशवीत घातली. मास्तर मालकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “अण्णा, इंजिनबी म्हातारं हुतंय की.”

मालक म्हणाले, “इंजिन न्हाय हो. ऐकणारा.”

रिमोट त्यांच्या हातातच होता. मोल्डरनं तो हळूच काढून घेतला.

एवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले तेव्हा मी पिशवीतनं गाडी काढली, साडेपाचचा बुश उपसला आणि त्याच्या जागी सातचा बसवला. का? उद्या कुणी उघडलं तर माझं खोटं दिसेल म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं, आणि मी ते गोड करून सांगणार नाही.

चार दिवसांनी मोल्डर आला. मालकांच्या समोरच त्यानं इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते. त्यानं कार्बुरेटरमधनं बुश काढला, उजेडात धरला. “सातच हाय, अण्णा. चार खाचा. सुई लई आवळली गेली.” मग माझं तोंड बघून त्याला वाटलं मला वाईट वाटतंय, तर म्हणाला, “बिडरी, आक्का. जाऊ द्या. वय हाय.”

मालक म्हणाले, “व्हय. कान गेलं माझं.”

मी चहा टाकायला आत गेले.

तेव्हापासून ते ऐकत नाहीत. बहिरे झाले असं नाही. हाक मारली की बघतात. पण ऐकायचं सोडलं. शेजारची मोटर गेले दोन महिने किंचाळते, मला सुद्धा कळतं बेअरिंग गेलंय. हे खुर्चीत बसून राहतात. मी म्हटलं, “अहो, मोटर ऐका की कशी करतीय.” म्हणाले, “मला काय कळतंय त्यातलं.” लेथवरची प्लास्टिकची चादर त्यांनी मला खालनं दोरीनं बांधायला लावली.

एका दुपारी मला ते सहन झालं नाही. मी डबा घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. नडगी, एक खाच, चार मोजणं, थेंब, आंघोळीची वेळ. साडेपाचचा बुश त्यांच्या तळहातावर ठेवला. “हा होता आत. तुमचं बरोबर होतं. तुम्ही म्हणाला होता की सात वाटत नाही. तुमचे कान कुठं गेले नाहीत.”

ते माझ्याकडं बघत राहिले आणि हसले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

“लई गुणाची हाईस,” म्हणाले. “पण तुला खोटं बोलाय येत न्हाय गं.”

“अहो, खोटं नाही!”

“मोल्डरनं माझ्यासमोर काढला की. सातचा.”

“मीच बदलला होता!”

“बरं, बरं.” त्यांनी बुश परत माझ्या हातात दिला, दोन बोटांत धरताना पडला, मी उचलला. “मला बरं वाटावं म्हणून कशाला एवढं जुळवत बसतीस? मिसळणाच्या डब्यात साडेपाचचा तर असतोच.”

मी शपथ घेतली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चहा कर.” माझं खोटं त्यांनी एका शब्दात मानलं होतं. खऱ्याला साक्षीदार एकच, आणि तोही मीच.

मोल्डरलाही सांगितलं. तो ओशाळला. “असू दे आक्का, अण्णांसाठी म्हणताय ते कळतंय मला,” म्हणाला.

माळावरचे लोक अजून येतात. इंजिन घेऊन, “आक्का, कितीचा घालू?” विचारत. मी मैदान विचारते, टाकी विचारते, बुश काढून देते. खाचा ज्याच्या त्याच्याकडनं मोजून घेते, मी मोजत नाही. मग अंगणात इंजिन सुरू करून सुई बघते. मालक पडवीत खुर्चीवर असतात, तोंड रस्त्याकडं.

गेल्या रविवारी असंच एकाचं इंजिन चालू होतं. धूर जास्त, आवाज जड. मी पेचकस लावण्याआधी पडवीकडं बघितलं. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा तर्जनीवर फिरत होता. पाव फेरा. पाव फेरा. मी तेवढंच आवळलं, आणि आवाज मोकळा झाला.

“बरोबर आहे का हो?” मी ओरडून विचारलं.

“मला काय कळतंय,” म्हणाले.

इंजिन बंद केलं. बोटं तशीच फिरत होती.